लाँस वाचेपर्यंत

शशी तेलंग यांना फुटबॉल अजिबात आवडत नव्हता, हे आधीच सांगून टाकते. नॉटिंगहॅममध्ये अडतीस वर्षं काढली, पण फुटबॉलच्या मैदानाची पायरी चढले नाहीत. क्रिकेट असलं की पोळीभाजीचा डबा घेऊन ट्रेंट ब्रिजला जायचे, आणि फुटबॉलचा विषय निघाला की म्हणायचे, बावीस धटिंगणांनी एका चेंडूच्या मागे धावायचं, त्यात बघायचं काय? असा हा माणूस अडुसष्टाव्या वर्षी लाँस नावाच्या एका फ्रेंच संघासाठी शनिवारचा उपास धरून बसला. इथल्या मराठी मंडळातले लोक हसले. मीही हसले. त्यामागचं कारण मला कळलं तेव्हा हसू पळालं आणि जो राग आला तो अजून पुरता गेलेला नाही.

शशीकाका सायकलच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमध्ये होते. सरळ रेघ, टोकदार पेन्सिल, आणि एकदा काढलेली रेघ खोडायची नाही, असा सगळा खाक्या. पासपोर्टचंही तेच. आम्ही सगळ्यांनी मिळाले तसे ब्रिटिश पासपोर्ट घेतले. काका म्हणाले, मी इथे नोकरी करायला आलोय, झेंडा बदलायला नाही. त्यांनी भारतीय पासपोर्ट ठेवला म्हणून लीलाकाकूंनीही ठेवला. काकूंना काय हवं होतं ते कुणी विचारलं नाही, त्यांनी स्वतःहून सांगितलंही नाही. काकू माझ्या जिवाभावाच्या. मी नागपूरहून नर्स म्हणून इथल्या हॉस्पिटलात आले तेव्हा पहिला महिनाभर त्यांच्याच घरी जेवत होते.

त्यांचा एकुलता एक मुलगा अनुप. इथेच जन्मलेला, इथेच शिकलेला. पुढे तो उत्तर फ्रान्समध्ये लाँस नावाच्या गावी शाळेत इंग्रजी शिकवायला गेला. कोळशाच्या खाणींचं गाव ते. खाणी बंद झाल्या आणि गावाला अभिमानाने मिरवायला एक फुटबॉलचा संघ तेवढा उरला. तिथेच त्याला सेलीन भेटली. दोन हजार पाचच्या जुलैमध्ये लग्न ठरलं.

आता भारतीय पासपोर्टवर फ्रान्सला जायचं म्हणजे व्हिसा आला. त्यासाठी अनुपने लाँसच्या नगरपालिकेत जाऊन एक कागद करून आणला, की माझे आईवडील माझ्या घरी राहायला येत आहेत. वर शिक्का, खाली सही. तो कागद पाहून काकांचं डोकं फिरलं. पोटच्या पोराच्या लग्नाला जायला तिथल्या नगरपालिकेची परवानगी? जाणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. काकूंना म्हणाले, तुला जायचं तर जा एकटी. काकू आयुष्यात लंडनलासुद्धा एकट्या गेल्या नव्हत्या, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तरी काकू माझ्याकडे आल्या. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आम्ही दोघींनी व्हिसाचा अर्ज भरला. लायब्ररीतून त्यांनी फ्रेंच शिकायची कॅसेट आणली होती. भांडी घासताना म्हणायच्या, 'जे स्वी ला मेर दानुप.' मी अनुपची आई. विहीणबाईंना पहिल्यांदा भेटल्यावर एवढं तरी यायला हवं, म्हणायच्या. तो शिक्क्याचा कागद मात्र काकांनी ड्रॉवरमध्ये टाकून किल्ली खिशात ठेवली, आणि लंडनच्या फ्रेंच वकिलातीत कागद द्यायची तारीख होती ती गेली. संपलं. लग्न झालं तेव्हा काकू इथे गुळपोळ्या लाटत होत्या. जुलै महिन्यात गुळपोळ्या! हात कशात तरी गुंतलेले हवे होते त्यांना.

दोन हजार सातच्या एप्रिलमध्ये लीलाकाकू हृदयविकाराने गेल्या. अनुप चार दिवस आला. सगळं केलं त्याने, पण डोळ्यातून टिपूस नाही. आईच्या फोटोकडे बघितलंही नाही. मला मनातून त्याचा राग आला होता.

आणि मग फोनचं घोडं अडलं. आपल्याकडच्या त्या पिढीतल्या बापांची एक रीत आहे. मुलाचा फोन आला की उचलायचा, 'कसा आहेस? बरं. थांब, आईला देतो,' एवढं बोलायचं आणि फोन देऊन मोकळं व्हायचं. इतकी वर्षं काकांनी हेच केलं होतं. मुलाची खबर त्यांना काकूंकडून मिळायची आणि यांचं प्रेम मुलाला काकूंकडून. काकू गेल्यावर रविवारी सकाळी अकराला अनुपचा फोन आला, तेव्हा मी तिथे होते. काकांनी उचलला. 'कसा आहेस? बरं. थांब, आईला...' आणि फोन धरलेला हात तसाच पुढे केला. घ्यायला कुणी नव्हतं. काकांना कमी ऐकू यायचं म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवलेला असायचा. पलीकडून अनुपचा नुसता श्वास ऐकू येत होता. शेवटी तोच म्हणाला, "बाबा, काल लाँस जिंकला."

काकांनी त्या वाक्यावर झडप घातली. कोण लाँस? किती गोल? कुणाविरुद्ध? पुढच्या रविवारी दहा मिनिटं बोलणं झालं. त्याच्या पुढच्या रविवारी पंधरा. त्या वर्षी लाँस पाचवा आला. ऑगस्टमध्ये नवा मोसम सुरू झाला तेव्हा काकांची पूर्ण तयारी होती. फ्रान्सच्या मॅच काही आमच्या टीव्हीवर दिसायच्या नाहीत, पण तेव्हा टीव्हीवर नुसत्या अक्षरांची बातमीची पानं असायची, रिमोटवर आकडा दाबला की पान उघडायचं. शनिवारी काका त्या पानासमोर बसायचे. शून्य-शून्य. पान बदलायचं, परत यायचं. शून्य-एक. खेळाडू नाही, मैदान नाही, काळ्या पडद्यावर आकडे फक्त. त्यावरून ते रविवारी मुलाशी अशा थाटात बोलायचे, जणू मैदानातच होते. ग्राफपेपरवर त्यांनी वीस संघांचा तक्ता आखला होता. शेवटचे तीन संघ खालच्या श्रेणीत जातात, म्हणून सतराव्या आणि अठराव्या नंबराच्या मध्ये एक लाल रेघ.

ती लाल रेघ लाँसच्या वाट्याला येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. पण ऑगस्टमध्येच कोच सोडून गेला आणि संघ जो घसरायला लागला तो सावरेचना. मला वाटलं, हरणाऱ्या संघाबद्दल बापलेक किती बोलणार? पण हरल्यावर ते जास्तच बोलायचे. दोघं मिळून कुणाला तरी शिव्या घालायचे आणि दोघांनाही बरं वाटायचं. काका मला म्हणाले, "सुचेता, चाळीस वर्षांत मी पोराशी बोललो नाही एवढं चार महिन्यांत बोललो." अनुपचं वय छत्तीस होतं, पण मी काही हिशेब दुरुस्त केला नाही. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

जानेवारीत एके दिवशी मी ड्यूटी संपवून घरी आले, तर काका दारात उभे. थंडीत, कोटाशिवाय. आत घेतलं, चहा दिला. कपाला हात लावला नाही. मग सांगितलं.

झालं होतं असं. फोनवर अनुप म्हणाला, बाबा, तुम्ही एकदा मॅचला या. काका म्हणाले, बघू. त्यावर तो म्हणाला, तुम्ही तेव्हाही आला असता, मला माहीत आहे. आईने सांगितलं होतं की बाबा तयार आहेत, पण मलाच यायचं नाही, मला ही सून पसंत नाही.

म्हणजे लग्नाच्या आधी काकूंनी सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. काकांनी नेहमीप्रमाणे 'आईला देतो' म्हणून फोन हातात दिला होता आणि बागेत निघून गेले होते. काकूंनी विचार केला असणार, बाप आणि मुलगा एकदा तुटले तर परत जुळायचे नाहीत. माझ्यावरचा राग काय, उद्या जाईल. तो उद्या आलाच नाही. मुलगा आईवर रागावलेला असतानाच आई गेली. म्हणून तो रडला नव्हता, म्हणून फोटोकडे बघितलं नव्हतं.

मी तिथल्या तिथे फोन उचलला. अर्ज माझ्या टेबलावर भरला होता, कॅसेट मी ऐकली होती, मी साक्षीदार होते. काकांनी माझा हात धरला. "नको," म्हणाले. "मला सांगू दे. माझ्या तोंडून जाऊ दे." मग खाली बघून म्हणाले, "पण सांगितलं की तो फोन करायचा बंद होईल, सुचेता. माझ्याकडे दुसरं काहीच नाही आता."

खरं होतं ते. रविवारचे अकरा सोडले तर त्या घरात कुणी बोलत नव्हतं. मला त्यांची दयाही आली आणि दोन थोबाडीत द्याव्यात असंही वाटलं. शेवटी वचन घेतलं, मोसम संपायच्या आत सांगायचं. नाही सांगितलं तर मी सांगणार.

तेव्हापासून काकांनी एक पळवाट काढली. लाँस जिंकला की सांगतो म्हणाले. पोराचं मन जरा आनंदात असताना सांगावं, मार कमी लागतो. मग लाँस हरायचा. काका म्हणायचे, आज कसं सांगू, तो आधीच खचलाय. कधीमधी लाँस जिंकायचा, तर म्हणायचे, बऱ्याच दिवसांनी हसला गं तो, आज नको. लाँस वाचला की सांगतो. एकदाचा तो लाल रेघेच्या वर सुरक्षित राहू दे, मग पोराचं मन मोठं असेल. मी म्हटलं, काका, लाँस गेला खड्ड्यात. तो काकूंना बोल लागण्यापासून वाचवतोय का? ते पेन्सिलीला टोक करत बसले.

शनिवारचा उपास तेव्हा सुरू झाला. काकूंच्या देव्हाऱ्यातल्या गणपतीसमोर हा माणूस, ज्याने कधी उदबत्ती लावली नव्हती, हात जोडून एका फ्रेंच संघाच्या गोलरक्षकासाठी प्रार्थना करायचा. मार्चअखेर लाँस पॅरिसच्या संघाशी कपच्या फायनलमध्ये खेळला. एक-एक बरोबरी होती, आणि खेळ संपता संपता पॅरिसला पेनल्टी दिली गेली. लाँस हरला. दुसऱ्या दिवशी अनुप फोनवर एकसारखा तेच सांगत होता, आणि काका, ज्यांनी ती पेनल्टी पाहिली नव्हती, डोळे पुसत म्हणत होते, अन्याय आहे रे, अन्याय आहे. मी समोर बसले होते. काका पेनल्टीसाठी रडत नव्हते.

एप्रिलमध्ये पाणी गळ्याशी आलं. अनुपने बातमी दिली, सेलीनला ऑगस्टमध्ये बाळ होणार, मुलगी आहे. काकांनी विचारलं, नाव काय ठेवणार? अनुप म्हणाला, "सेलीनला आईचा नाव ठेवायचाय. लीला. मी नाही म्हटलं. बाबा, जी आई माझ्या वेडिंगला आली नाही, तिचा नाव मी रोज कसा घेऊ?"

काका त्यालाही 'बरं' म्हणाले. बरं! मला पुढे कितीतरी दिवस त्या एका शब्दावरून त्यांच्याशी बोलावंसं वाटलं नाही. मी त्यांच्याकडे जायचे, पण स्वयंपाक करून, भाजी ठेवून, न बोलता परत यायचे. लीलाकाकूंचा फोटो तिथे भिंतीवर होता. त्या फोटोसमोर हा माणूस ग्राफपेपरवर आकडे भरत होता. अठरावा. सतरावा. परत अठरावा. तक्त्यावर खोडून खोडून कागद फाटायला आला होता. आयुष्यभर रेघ न खोडणारा माणूस.

शेवटची मॅच मेच्या सतराला, शनिवारी. लाँसला जिंकायलाच हवं होतं आणि शिवाय दुसऱ्यांनी हरायला हवं होतं. काकांनी मला बोलावून घेतलं, एकट्याने बघवणार नाही म्हणाले. आम्ही दोघं त्या काळ्या पडद्यासमोर बसलो. मला काडीचं कळत नव्हतं, तरी पाचावर धारण बसली होती. पडद्यावर आकडा बदलायचा, काका खुर्चीचा हात घट्ट धरायचे. शेवटी दोन-दोन बरोबरी. तिकडे पॅरिसही जिंकलं, तुलूझही जिंकलं. लाँस अठरावा. सतरा वर्षांनी खालच्या श्रेणीत गेला, असं पानावर आलं. काकांनी टीव्ही बंद केला.

"उद्या त्याला कसं सांगू?" ते म्हणाले. "त्याचं सगळंच गेलं आज."

मी म्हटलं, "काका, उद्या तुम्ही सांगितलं नाही तर बाळाचं नाव दुसरं ठेवलं जाईल. काकू मेल्यावरसुद्धा तुमच्यासाठी बोलणी खातायत. आणखी किती वर्षं खायची त्यांनी?"

रविवारी मी साडेदहालाच गेले. काकांनी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता, जणू कुठे मुलाखतीला जायचं आहे. अकराला फोन वाजला. अनुप रडत होता. छत्तीस वर्षांचा मास्तर, संघ पडला म्हणून हुंदके देत होता. सगळं गाव रस्त्यावर रडतंय म्हणाला. मग म्हणाला, "नेक्स्ट इयर पण आपण बोलायचा, बाबा. खालच्या लीगचा पण रिझल्ट असतो. मी तुम्हाला सांगत जाईन."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. मुलाने स्वतःहून पुढचं वर्ष देऊ केलं होतं. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी मान खाली घातली. मलाही त्या क्षणी वाटलं, जाऊ दे, नका सांगू.

"अनुप," काका म्हणाले, "तुझ्या आईला यायचं होतं. मी येऊ दिलं नाही."

पलीकडे हुंदके थांबले.

काकांनी मग सगळं सांगितलं. एकही गोष्ट गाळली नाही. शिक्क्याचा कागद, ड्रॉवर, किल्ली, चुकवलेली तारीख. ती तुझ्याशी खोटं बोलली, मला वाचवायला. हे मला जानेवारीत कळलं आणि मी चार महिने गप्प बसलो, कारण तुझा फोन हवा होता. आवाज सरळ होता.

अनुपने विचारलं, "तिने व्हिसाचा फॉर्म भरला होता?"

"भरला होता. सुचेताच्या घरी. फ्रेंच शिकत होती. वाक्य पाठ केलं होतं एक."

"काय वाक्य?"

काकांना ते येत नव्हतं. बायको भांडी घासताना महिनाभर म्हणत होती आणि याला वाक्य माहीत नव्हतं. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, 'जे स्वी ला मेर दानुप.' माझा उच्चार काकूंच्याहून वाईट आहे. पण त्याला कळलं. त्याच्या तोंडून असा आवाज निघाला की मी हॉस्पिटलात इतकी वर्षं काढूनही तसा फार थोड्यांचा ऐकलाय. आईसाठी तो तेव्हा रडला, तेरा महिन्यांनी.

मग म्हणाला, "थ्री इयर्स, बाबा." आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी काका साडेदहापासून फोनजवळ बसले. त्याच्या पुढच्याही. जून गेला, जुलै गेला. मी म्हटलं, तुम्ही करा फोन. म्हणाले, केला होता, सेलीनने उचलला. तिने नीट बोलून सांगितलं, आत्ता नको, त्याला वेळ हवा आहे. काकांनी तिला थँक्यू म्हटलं. सुनेशी त्यांचं आयुष्यातलं ते पहिलं बोलणं.

ऑगस्टच्या शेवटी माझ्या दारात एक पाकीट पडलं. वर फ्रान्सचं पोस्टाचं तिकीट. आत बाळाच्या इवल्याशा पावलाचा ठसा असलेलं कार्ड, तारीख, वजन, आणि मोठ्या अक्षरात नाव: लीला. मागे अनुपने इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या होत्या. आईला मदत केलीत त्याबद्दल आभार. बाळाला कधीतरी तुमच्याकडून आजीबद्दल ऐकायचंय.

काकांबद्दल एक अक्षर नव्हतं. मी दोन दिवस ते कार्ड पर्समध्ये घेऊन फिरले. वाटलं, त्यांनाही आलं असेल, उद्या येईल. मग घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावला, हात पुसून कार्ड धरलं आणि बराच वेळ त्या नावाकडे बघत राहिले. पावलाच्या ठशावर बोट ठेवलं, ते न दाबता.

"ठेवलं नाव," म्हणाले. "बरं झालं."

मी म्हटलं, तुमचं कार्ड पोस्टात अडकलं असेल. त्यांनी मान हलवली. आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तुमच्याकडेच राहू दे हे, म्हटलं, तर कार्ड काळजीपूर्वक पाकिटात घालून माझ्या हातात परत दिलं. म्हणाले, ज्याच्या नावाने आलंय त्याच्याकडे राहावं.

मी निघाले तेव्हा दारापर्यंत आले. "तू उत्तर लिहिशील ना?" विचारलं. "पोरीला आशीर्वाद लिही. काकूचं सगळं लिही, गुळपोळ्यांचंसुद्धा. माझं नाव घालू नकोस. त्याला वाटेल मी तुझ्या आडून आत शिरतोय."

त्या आठवड्यात मी चार पानी पत्र लिहिलं. शेवटी सही करताना तीनदा थांबले. पण त्यांचं नाव घातलं नाही.